लांब जाणाऱ्याची गाडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पिवळा दिवा परत लागला! औषधं घेऊन येत होते. घराच्या वळणावर आले आणि गाडीच्या डॅशबोर्डवर हा दिवा, डोळे वटारून.

मुंगीला हल्ली झालंय तरी काय? मुंगी हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. खाते कणभर, पळते मणभर, असं लोकांना कौतुकानं सांगायचा. अकरा वर्षं त्यानं ती फिरतीवर पळवली. मागे पंपांचे सुटे भाग, पुढे हा, आणि लिटरला अठ्ठावीस किलोमीटर. कुणी सव्वीस म्हटलं तर चिडायचा.

सप्टेंबरात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. तेव्हापासून गाडी माझ्याकडे. माझी फिरती अशी: औषधाचं दुकान, किराणा, घर. सगळं मिळून तीन किलोमीटर.

४ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याकडे जाऊन आले. त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. कुठे कुठे नेता, एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर हसला. डिझेल गाडी अशी दाराशी घुटमळवली तर धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते म्हणे. लांब पळवली, चांगली तापली, की ती आतल्या आत जळून जाते. आठवड्यातून एकदा हायवेवर न्यायची, चौथ्या गिअरमध्ये, अर्धा तास, मध्ये न थांबता.

“ताई, गाडीला काही झालेलं नाही,” म्हणाला. “ती कोंडलीय नुसती.”

पैसेही घेतले नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या काकूंना तासभर येऊन बसायला सांगितलं. एरवी माझी जीभ रेटत नाही. पण गाडीसाठी म्हटल्यावर त्या लगेच लोकरीचं विणकाम घेऊन आल्या. नवराही काही बोलला नाही. मी दुसऱ्या खोलीत गेले तरी हाक मारणारा माणूस! गाडीचं दुखणं त्याला पटतं.

हायवे. सुरुवातीला हात घामेजले. मग शेतं, एक बंद पडलेली वीटभट्टी, पुन्हा शेतं. वीस मिनिटांत दिवा विझला. म्हणजे काम झालं, वळायला हवं होतं. मी आणखी पंधरा मिनिटं गेले.

पाच महिन्यांत पहिल्यांदा तासभर माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवा लागला नव्हता. काकूंना सांगितलं, लागलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

दीर आला होता. भला माणूस. भल्या माणसाशी भांडताही येत नाही. त्याच्या ऑफिसातल्या एकाला मुंगी हवीय. रोज सत्तर किलोमीटर जाऊन-येऊन करतो, त्याला सोन्यासारखी. दीर म्हणाला, दुरुस्तीचा खर्च मागे लागायच्या आत विकून मोकळ्या व्हा, औषधांपुरती रिक्षा मागवा. डिझेलमध्ये वाचवता ते ठीक, पण दात कोरून पोट भरत नाही.

मी म्हटलं, बघू. तर म्हणे, बघू नका, फायदे-तोटे कागदावर लिहून काढा. शेवटी उठता उठता म्हणाला ते मात्र लागलं.

“वहिनी, ही गाडी लांब जाणाऱ्याची आहे. तुम्ही कुठे जाता?”

नवरा ऐकत होता. छताकडे बघत बसला.

१६ फेब्रुवारी

लिहिले. मला काय, सवयच आहे. घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. सध्या कपडे धुण्याचं यंत्र चालू आहे, बुधवारी द्यायचंय, चाळीस पानं बाकी.

फायदे: महिन्यातून एकदा टाकी भरली की बघायला नको. इंजिन दणकट. आमच्या गल्लीत सहज वळते. दारं रुंद उघडतात, नवऱ्याला बसवायची वेळ आली तर बरं.

तोटे: आवाज. थंडीत सकाळी खोकत उठते. सुटे भाग महाग. फिल्टर बदलायची वेळ आली तर मोठा खड्डा. आणि मुख्य म्हणजे आम्ही कुठे जात नाही.

तोट्यांचं पारडं जड आहे. कुणीही शहाणा माणूस विकेल. एक फायदा कागदावर लिहिण्यासारखा नाही. या घरातून मी एकटी बाहेर पडू शकते ती गुरुवारी, आणि तीही गाडीला बरं नसतं म्हणून. मला बरं नाही म्हटलं असतं तर काकूंनी काढा पाठवला असता आणि झोप म्हणाल्या असत्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दिवा ‘लागला’. वीटभट्टीच्या पुढे चार किलोमीटर गेले. गाडी कडेला लावून नुसती बसले. गॅरेजवाल्यानं ऐकलं असतं तर ओरडला असता.

२२ फेब्रुवारी, रविवार

दिराचा फोन. गिऱ्हाईक घाई करतंय. मी फायदे वाचून दाखवले. तो धीरानं ऐकत राहिला आणि म्हणाला, वहिनी, हे तुम्ही माझ्या गिऱ्हाइकालाच पाठवा, लगेच घेईल.

हसू आलं आणि रडूही. पंधरा दिवस थांबा म्हटलं. पंधरा दिवसांत काय होणार आहे, कोण जाणे.

आज नवऱ्याला अंघोळ घालताना साबण डोळ्यात गेला. त्याच्या नव्हे, माझ्या. तरी तो “हळू, हळू” म्हणत राहिला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल गेले नाही. काकूंच्या घरी पाहुणे. दिवसभर चिडचिड. भाषांतरात ‘झाकण बंद असल्याची खात्री करा’ हे वाक्य तीनदा लिहिलं.

व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना खिडकीतून गाडी दाखवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “मी… जातो.” त्या खूश झाल्या. रुग्ण स्वतःहून काही मागतोय, हे फार चांगलं लक्षण म्हणे. पुढच्या गुरुवारी न्या.

मीही खूश झाले. झाल्याचं दाखवलं. नाही, थोडी झालेसुद्धा.

५ मार्च, गुरुवार

दीर मुद्दाम रजा काढून आला. दोघांनी मिळून तीन पायऱ्या उतरवलं. दारं रुंद उघडतात ते कामी आलं. पट्टा लावून दिला. दीर खाली थांबला, आम्ही निघालो.

हायवेला लागलो. नवऱ्यानं डावा हात डॅशबोर्डवर फिरवला. बरोबर त्या जागी बोट थांबलं. अकरा वर्षं चालवलीय त्यानं, त्याला काय सांगायचं!

“दिवा… नाही.”

“नाही.”

“कधी… पासून?”

“पहिल्याच दिवशी विझला,” मी म्हटलं.

माझे कान गरम झाले. रागावेल वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. शब्द जुळवायला त्याला पाव किलोमीटर लागला.

“तुला… फिरायचं… होतं. सांगायचं… ना. आता… दोघं. दर… गुरुवारी.”

परत येईपर्यंत तो बोलतच होता. पाचवा टाक. ट्रक जाऊ दे. क्लचवर पाय नको. सहा महिन्यांत इतका बोलला नव्हता. वीटभट्टी कधी गेली, मला कळलंच नाही.

६ मार्च

सगळ्यांना आनंद. बाई म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा न्या. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आता बसायला यायला नको. दीर म्हणाला, माघार घेतो वहिनी, गाडी ठेवा, तिनं दादाला बोलतं केलं, आणखी काय पाहिजे?

मी जिंकले. नवरा सकाळपासून तीनदा विचारतोय, गुरुवार कधी?

८ मार्च, रविवार

तो चांगला आहे. अगदी मनापासून वाटून देतोय. मला अर्धं नको होतं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

भाषांतराचं नवं काम आलंय. कुलूप. बोटाच्या ठशानं उघडणारं.

९ मार्च, सोमवार

चहाच्या वेळी नवऱ्याला सांगितलं. दिव्याचं नाव न घेता. मला आठवड्यातून एक दुपार हवी. एकटीला. कारण काही नाही. तो रडला. मी त्याचे डोळे पुसले नाहीत. शेवटी त्यानं होकाराची मान हलवली.

मग दिराला फोन केला, गिऱ्हाईक अजून आहे का विचारलं. त्या पैशात दर गुरुवारी दुपारी नवऱ्याजवळ माणूस ठेवता येईल. तो गोंधळला. गाडी नाही तर तुम्ही जाणार कशा, म्हणाला.

म्हटलं, चालत.