काढायची राहिलेली वायर

ठमे,

या घरातला एकांत विज्ञानाने कायमचा संपवला आहे. म्हणजे सोमवारीच संपायचा होता, पण एक वायर आडवी आली.

तू दार उघडलंस की माझ्या खुर्चीजवळ दिवा लागावा, म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढं वाय-फायचं मॉड्यूल मी दारावर बसवलं. त्यात फर्मवेअर, म्हणजे त्याचा प्रोग्राम, भरताना एक पिन वायरने ग्राउंडला जोडायची असते आणि भरून झालं की ती वायर काढायची असते. मी काढायला विसरलो. तीन दिवस ते बिचारं नव्या प्रोग्रामची वाट बघत बसलं आणि मी दिव्याची. दिवा लागेना, तेव्हा तू कामावरच राहिलीस असं मी धरून चाललो. आज बाथरूममध्ये तुझा ओला टॉवेल दिसला, तेव्हा कळलं की तू रोज येऊन जात होतीस.

वायर काढली आहे. चिठ्ठी फ्रिजवर लावतोय, कारण तिथे तू नक्की जातेस.

आता दिवा लागतो का, एवढंच तपासायचं राहिलंय. मी खुर्चीतच आहे, पण बघता बघता माझा डोळा लागतो. तेवढं खोलीत डोकावून, दिवा लागलाय का ते मला उठवून सांग.

— बाबा