सहदेवचा कॉम्प्युटर गार करताना

रविवार, ११ एप्रिल १९९९

पुन्हा बंद पडला! सव्वाअकराला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालू होता, गाडी वळणावर अडकली ती अडकलीच. चिरंजीव खोलीतून बाहेर आले आणि गॅलरीत माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. पंचवीस मिनिटं गार होऊ द्यावा लागतो म्हणे. हे सुमतीला सांगितलं, मला नाही. दिवाळीपासून सहदेव माझ्याशी बोलत नाही. पाडव्याला सगळ्यांदेखत मी बोललेलो — कॉम्प्युटर क्लासात शिकवणं ही काय नोकरी झाली का! सव्वीस वर्षांचा मुलगा, ताटावरून उठून गेला. चुकलंच माझं. पण कबूल कोण करणार?

तेव्हापासून निरोप सुमतीमार्फत. 'आई, आबांना सांग दूध उतू जातंय.' अरे, मी दुधासमोरच उभा!

आज पंचवीस मिनिटं शेजारी बसला. शब्द नाही. पण बसला.

मंगळवार, १३ एप्रिल

संध्याकाळी परत बंद. परत स्टूल. मला राहवलं नाही, विचारलं — किती तापतो?

'माहीत नाही, आबा. पण हात लावला तर चटका बसतो.'

आबा म्हणाला! साडेपाच महिन्यांनी.

मग कळलं ते भलतंच. तीनशे मेगाहर्ट्झची चिप आहे आणि हा पठ्ठ्या ती साडेचारशेने पळवतोय. का? तर खेळ फास्ट चालतो. कल्याणजवळ मोहने गावातल्या फॅक्टरीत एकतीस वर्षं मी कूलिंग प्लांट सांभाळला. कुणी कॉम्प्रेसर असा दीडपट पळवला असता तर त्याला गेटबाहेर काढला असता. माझा मुलगा हौसेनं करतो! बोललो मात्र नाही. म्हटलं, बघू या, काहीतरी करू.

बुधवार, १४ एप्रिल

ताप मोजायचा थर्मामीटर चिकटपट्टीने आतल्या पत्र्याला लावला. फुटला. एकशे आठच्या पुढे त्याच्यात सोयच नाही. सुमतीला अजून सांगितलेलं नाही.

रविवार, १८ एप्रिल

टेक्निकल मीटिंग. हजर — मी, सहदेव आणि महिपत. महिपत म्हणजे आमच्या प्लांटचा जुना फिटर, खास कल्याणहून आलेला, सोबत पान्यांची पिशवी. त्याने आल्या आल्या विचारलं, प्लांट किती टनाचा? सहदेवने टेबलाखालचा डबा दाखवला. महिपत दोन मिनिटं नुसता बघत बसला.

पर्याय तीन. एक, चिपवर मोठा अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावर पंखा. दोन, डब्याच्या मागून गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. तीन, महिपतचा — गच्चीवरच्या टाकीतून नळी आणून कॉम्प्युटरमधून पाणी फिरवायचं आणि तेच पुढे बाथरूमला द्यायचं. आंघोळीला गरम पाणी फुकट! सहदेव हसला. खो खो हसला. मी तिसरा पर्याय लगेच रद्द केला नाही, हसतोय तोवर हसू दे म्हटलं.

सुमतीने चारशे मंजूर केले. त्यावर एक पैसा मिळणार नाही.

मंगळवार, २० एप्रिल

फॅक्टरीत साधा वॉशर घ्यायचा तरी तीन कोटेशन लागायची. डोंबिवलीत तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, काका, पंख्याला कोटेशन? आणि बिस्किटाच्या पुड्यामागे आकडा लिहून दिला. दुसरा म्हणाला, खोलीला एसी बसवा. एसीच्या पैशात मी सहदेवचं लग्न लावीन. तिसरा बरा होता. ठोकळा-पंखा, वर ठोकळ्याखाली लावायची पांढरी पेस्ट फुकट. तिन्ही कागद फाईलला लावले. सहदेवने तिसऱ्याला पास केलं. आमचं एकमत झालं!

शनिवार, २४ एप्रिल

ठोकळा बसवला. महिपत मदतीला. मी स्क्रू शोधतोय तोवर त्याने तंबाखू काढली आणि टेबलावरच्या पांढऱ्या पेस्टचं बोट घेऊन मळली. चुना समजून! तोंडात टाकल्यावर थोडा विचार केला, म्हणाला, तुमच्या डोंबिवलीचा चुना एकदम मिळमिळीत. सहदेवने त्याला धरून मोरीपाशी नेलं, अर्धी बादली चुळा भरायला लावल्या. उरलेल्या पेस्टमध्ये जेमतेम भागलं.

आधी वीस मिनिटांत बंद पडायचा, आता चाळीस. प्रगती आहे.

सोमवार, ३ मे

काय दिवस! सुचेल तसं लिहितो.

मे लागला. मशीन परत वीस मिनिटांवर आलं. चारशेतले साठ उरलेले. साठात काय येतं? बर्फ येतो. सकाळी कोपरला मालूकडे गेलो. मासळी विकते, तिच्याकडे बर्फ कायम. अर्धी लादी मागितली. तिने विचारलं, कोण गेलं? मला नीट ऐकू आलं नाही, वाटलं, बर्फ कुणाकडे न्यायचा असं विचारतेय. म्हटलं, आमच्याकडेच. तुझ्या हमालाकडून लादी घरी धाड. नाव-पत्ता देऊन निघालो. मालूने पैसे घेतले नाहीत, डोळ्याला पदर लावला. माझं लक्ष नव्हतं, वाटलं मासळीचा वास.

तासाभरात हमाल आला. मी दार उघडलं. त्याने मला नमस्कार केला, गोणपाटातली लादी खोलीत ठेवली, मजुरी न घेताच गेला. म्हटलं, केवढा सज्जन! मी लादी घमेल्यात ठेवली, मागे टेबलफॅन लावला, गारवा जाऊ नये म्हणून खोलीचं दार लावून आत बसलो. सुमती कळव्याला बहिणीकडे गेलेली.

नंतर कळलं, हमालाने जिन्यात विचारलेलं — मयत कितव्या मजल्यावर? आणि वर माझं नाव सांगितलेलं!

फॅनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. तासाने पाणी प्यायला बाहेर आलो तर जिन्यात कुजबुज. दार उघडलं. समोर खालच्या मजल्यावरची कांता, हातात हार. ती मटकन खालीच बसली. मागे सात-आठ माणसं पांढऱ्या कपड्यांत, दोघे बांबूंचा हिशोब करत होते. मी म्हटलं, या ना. कुणी येईना! कसंबसं समजावलं, कॉम्प्युटर तापतो म्हणून बर्फ आणला. एकजण म्हणाला, अहो, मग तसं सांगायचं! कुणाला सांगायचं?

माणसं पांगतायत तोच सहदेव आला. कुणीतरी ठाण्याला क्लासात फोन केलेला. स्टेशनपासून धावत आलेला, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, तोंड पांढरंफटक. उंबऱ्यातच थांबला. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा. त्याने जवळ येऊन माझ्या दंडाला हात लावला. लावला तो काढेचना.

'आबा, परत बर्फ आणायचा नाही.'

एवढंच म्हणाला. मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. साखर दोनदा टाकली.

बुधवार, ५ मे

सहदेवने स्वतःच्या पगारातून मागचा पंखा आणला. सुमतीला बजेटचं काही बोलता आलं नाही. डब्याच्या पत्र्याला भोक पाडायचं होतं. त्याने डबा धरला, मी कानस मारली. दोन तास. मी सांगितलं, गार हवा पुढून खालून घ्यायची, गरम हवा मागून वरून काढायची, दोन पंखे एकमेकांशी भांडायला ठेवायचे नाहीत. तो ऐकत होता. क्लासात पोरं त्याचं ऐकत असतील तसंच.

शेवटी म्हटलंच — दिवाळीला मी बोललो ते चुकीचं होतं. तुझी नोकरी चांगली आहे.

तो म्हणाला, आबा, तो बारका स्क्रू द्या.

मला हलकं वाटलं. दुपारी छान झोप लागली.

रविवार, ९ मे

सकाळी नऊ ते दुपारी एक. सलग! बंद पडला नाही! पत्र्याला हात लावला — कोमट. महिपतला पीसीओवरून कळवलं. त्याने विचारलं, पाण्याचा पर्याय आता कायमचा रद्द का?

सोमवार, १० मे

बंद पडला नाही.

मंगळवार, ११ मे

बंद पडला नाही.

गुरुवार, १३ मे

फर्स्ट क्लास चाललाय. सहदेव क्लासातून येतो, 'मस्त पळतोय, आबा' म्हणतो आणि खोलीत जातो. जेवायला हाक मारली की बाहेर येतो, जेवतो, परत आत. चार दिवसांत स्टुलावर कुणी बसलेलं नाही. आज सुमतीने त्याच्यावर मेथी निवडायला ठेवलेली.

सुमती विचारते, कॉम्प्युटर सुधारला, मुलगा बोलायला लागला, आता का तोंड पाडून बसलात? तिला काय सांगू? मुलगा बोलतो. पण आता बोलायला थांबायचं त्याला कारण नाही, आणि ते कारण मीच कानस मारून काढून टाकलं.

शनिवार, १५ मे

एकतीस वर्षांत चालू प्लांट मी कधी मुद्दाम पाडला नाही. माझ्या पाळीत एकही ब्रेकडाऊन नाही, रेकॉर्ड आहे.

उद्या सकाळी सहदेव आंघोळीला गेला की मागच्या पंख्याची वायर काढणार. ठरलं. लाज वाटते, पण ठरलं.

रविवार, १६ मे

तो आंघोळीला गेल्यावर डब्याचं झाकण उघडलं. वायर आधीच काढलेली. निसटलेली नव्हे — नीट गुंडाळून, रबर लावून, पात्याला लागू नये अशी बाजूला बांधलेली. सुमती त्या डब्याला हातसुद्धा लावत नाही.

झाकण होतं तसं लावलं. लावताना दोन स्क्रू खाली पडले.

साडेदहाला सहदेव गॅलरीत आला, स्टूल ओढून बसला. 'आबा, परत हँग झाला.' म्हटलं, बस. चहा घे, मग बघू.