अध्यक्षाच्या घरचा बस्ता

अण्णा, तुमच्या नातीचा बस्ता मी चाचाच्या दुकानात बांधला न्हाई. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, न्हाईतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि खरं ते राहूनच जाईल. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. लग्न चांगलं झालं. पोरगी नांदायला गेली, जावई शांत आहे, जेवणाला कुणी नाव ठेवलं न्हाई. पण लग्नाचा सगळा कपडा, नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत, मी गाडी करून संभाजीनगरच्या एका मोठ्या शोरूममधून आणला. आणि हे करणारा माणूस कोण, तर अंबडच्या छोट्या दुकानदारांच्या संघटनेचा अध्यक्ष. हसा खुशाल. मला मात्र अजून हसू येत न्हाई.

तुम्ही गेल्यावर कपड्याचं मला काही झेपलं न्हाई. पिंपळगावचं दुकान बंद करून अंबडला भांड्याचं टाकलं. बरं चाललं होतं. मंग लोक मोबाइलवर कुकर मागवायला लागले, आणि लग्नाची खरेदी तर सरळ मोठ्या शहराकडं पळायला लागली. आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा फिरकेना. मी चिडलो. एकदा तापलो की मला आवरत न्हाई, ते अजून तसंच आहे. दुकानदार गोळा केले, रिक्षाला भोंगा बांधला आणि माझ्याच आवाजात तालुकाभर फिरवला: "अंबडचं अंबडातच घ्या." अंतरवाली सराटीपासून पुढच्या गावोगावी चहाच्या टपऱ्यांवर जाऊन बसलो. लग्नघरी जाऊन हात जोडले. म्हणायचो, "बाबाहो, अर्ध्या रात्री तुमच्या घरात कमीजास्त झालं तर मयताचं कापड द्यायला दुकान कोण उघडतंय? तो शोरूमवाला येतोय का शटर वर करायला?" ह्यावर माणसं मान डोलवायची. एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "बराबर बोलला. माझी म्हातारी गेली तवा चाचानंच उघडलं होतं." कितीतरी बस्ते आम्ही असे बाहेर जाता जाता माघारी वळवले. माझं भाषण ऐकायला लोक थांबायला लागले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायलाही लागलं होतं.

चाचा म्हणजे आपलाच चाचा, पिंपळगावच्या दुकानात तुमच्या हाताखाली कापडाची थानं उलगडत वाढलेला. आता म्हातारा झालाय, पण नखरा तोच. डोळ्यात सुरमा, तोंडात पान, आणि साडीची घडी दुसऱ्या कुणी घातली की कपाळाला आठ्या. "अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखी घडी कुणाची न्हाई," हे दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय त्याला करमत न्हाई. त्यानं अंबडला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हाचा दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. आत्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं. आपलं स्वतःचं कपड्याचं दुकान, माल गच्च भरलेला, आणि तुम्ही सगळ्या भावकीला एसटीत घालून बस्ता बांधायला अंबडला नेताय. आईनं पहाटे उठून धपाटे केलेत, त्याचा वास अख्ख्या गाडीत सुटलाय, आणि आत्या मागच्या सीटवरून तोंडाचा पट्टा सोडून बसलीय: "येड लागलंय का तुला? सोताचं दुकान सोडून नोकराच्या दुकानात? लोकं काय म्हणतील?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणता, "नोकर होता. आता दुकानदार हाये. नारळ फोडायला तर सगळेच जातेत, गिऱ्हाईक म्हणून कोण जातंय?"

आणि तिथं पोचल्यावर तुम्ही गादीवर दुकानदाराच्या बाजूला बसत न्हाई, मुद्दाम आमच्यात, गिऱ्हाइकात बसता. बाहेर रस्त्यावर बघे जमलेत. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तुम्ही म्हणता, "ह्यातला दुसरा रंग दाखवा, शेठ." तुम्ही त्याला कधी शेठ म्हटलं नव्हतं. चाचा साडी तशीच हातात धरून उभा राहिला, मंग "पाणी आणतो" म्हणून आत गेला तो बराच वेळ आलाच न्हाई. त्यानंतर अंबडमध्ये बस्ता म्हटलं की लोक चाचाचं नाव घ्यायला लागले. तुम्ही भाषण केलं न्हाई, भोंगा फिरवला न्हाई. नुसते गिऱ्हाईक होऊन बसलात.

माझी पोरगी रांगत होती तेव्हापासून चाचा म्हणायचा, "हिचा बस्ता माझ्याकडं, बरं का." मी म्हणायचो, "मंग दुसरीकडं कुठं जाणार, चाचा?" यंदा सोयरीक जमली, पेढे घेऊन मी पहिल्यांदा त्याच्याच दुकानात गेल्तो. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि लगेच पोराला गादीच्या खोळी धुवायला काढायला लावल्या. पुढच्या आठवड्यात येवल्याला जाऊन पैठण्या घेऊन आला. कितीतरी वर्षं बंद पडलेला पंखा नीट करून घेतला. रस्त्यात भेटलं की विचारायचा, "व्याही कधी येऊन राह्यले? पुण्याचे लोक हायेत, आधी सांग, मी चहाला चांगले कप काढतो." मी म्हणायचो, "सांगतो, सांगतो."

आता जे सांगायचं आहे तिथं हात अडतोय. व्याह्यांकडं आम्ही बैठकीला गेलो. मोठा फ्लॅट, बोलणी नीट, माणसं सरळ. त्यांनी कसला हट्ट केला असता तर मला आज तोंड तरी असतं. त्यांनी हट्ट केलाच न्हाई, अण्णा. विहीणबाई म्हणाल्या, "बस्त्याचं कसं करायचं? संभाजीनगर दोघांनाही सोयीचं पडेल. पण तुमचं अंबडला ठरलेलं एखादं दुकान असेल तर तिकडेच जाऊ. तुमच्या पद्धतीनं होऊ दे." तुमच्या सुनेनं माझ्याकडं पाहिलं. फक्त हो म्हणायचं होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, तर चाचाचं ते अरुंद दुकान, गादीवर मांडी घालून बसावं लागेल, शेजारच्या गिरणीचं पीठ उडतंय, ट्रायल रूम म्हणून खिळ्याला बांधलेला पडदा, आणि पान थुंकायला मधेच बाहेर जाणारा चाचा. मला त्याची लाज वाटली. मी म्हणालो, "छे छे, ठरलेलं असं काही न्हाई. तुम्ही म्हणाल तसं."

येताना गाडीत तुमची सून एवढंच म्हणाली, "चाचाला काय सांगणार?" मी तिच्यावरच खेकसलो. चाचाला मी काहीच सांगितलं न्हाई. त्याच्या दुकानाच्या बाजूनं जाणंच बंद केलं. बस्त्याच्या दिवशी शोरूमच्या दारात आमचं स्वागत हलगी वाजवून झालं, सगळ्या पुरुषांना त्यांनी फेटे बांधले, कपाळाला गंध लावलं, थंडगार सरबत दिलं. परत येताना त्यांच्या नावाच्या पिशव्या कुणाला दिसू नयेत म्हणून मी रिकाम्या पोत्यात कोंबून आणल्या, गाडी बाहेरच्या रस्त्यानं घरी घेतली, आणि वाटलं, सुटलो. पण शोरूमवाल्यानं आमचा व्हिडिओ काढला होता. "आजचा शाही बस्ता" असं वर लिहून मोबाइलवर टाकून दिला. त्यात भगवा फेटा बांधून, हातात शालू धरून दात काढणारा मी. कुणीतरी तो आमच्या दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या बरोबर वर, सकाळीच मी टाकलेला मेसेज होता: आपला पैसा आपल्या तालुक्यात. शी! अण्णा, त्या दोन गोष्टी एकाखाली एक बघितल्या आणि मला घरातल्या पोरीबाळींपुढं बसवेना.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या हॉटेलात चहाला गेलो, जावंच लागलं, न्हाई गेलो असतो तर आणखी बोलले असते. सगळे वाटच बघत होते. स्टेशनरीवाला म्हणाला, "या शाही अध्यक्ष. फेटा कुठं ठेवला?" बूटवाला म्हणाला, "आम्ही लोकांच्या पाया पडून बस्ते माघारी आणायचे आणि ह्यांनी एसीत सरबत प्यायचं. बंद करा ती मोहीम, भोंगा मोडीत घाला." मी काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकड्यावरून चाचा उठला. तो तिथं आहे हे मी पाहिलंच नव्हतं. म्हणाला, "ओ, त्याला कशाला बोलून राह्यले? मीच सांगितलं त्याला बाहेर जायला. माझ्याकडं ह्या टायमाला मालच न्हाई बराबर. नवरीच्या लायक एक शालू निघाला न्हाई. मंग काय पोरीला जुनापाना नेसवून लग्न लावायचं का?" चाचानं पान तोंडात टाकलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. आणि मी, अण्णा, मी मान हलवली. "हां, तसंच झालं," असं म्हणालो.

मी पोरसवदा असतानाची एक गोष्ट मला तेव्हा तिथंच आठवली. जालन्याहून साड्या घेऊन आलेली एक बाई आपल्या दुकानात नुसतं अस्तर मागायला आल्ती, आणि मी तोंड वाकडं करून म्हणालो होतो, "जालन्यालाच घ्यायचं ना हे बी." ती गेल्यावर तुम्ही चाचादेखत माझा कान असा पिळला की दोन दिवस लाल होता. म्हणालात, "गिऱ्हाईक कुठंबी जाईल. त्याला माघारी यायला तोंड ठेवत जा." कान माझा पिळलात, शिकला मात्र चाचा.

चाचाचं ऐकून बूटवाला नरमला, मोहीम वाचली, भोंगा अजून फिरतोय. बुडाला तो चाचा. लगीनसराईच्या ऐन तोंडावर चाचानं स्वतःच्या तोंडानं चौकात सांगितलं की माझ्याकडं माल न्हाई, आणि ती गोष्ट माझ्या भोंग्यापेक्षा जल्दी गावोगाव पोचली. ठरलेले बस्ते फिरले. कुणी जालन्याला गेलं, कुणी त्याच शोरूमला. मी एकदा मन घट्ट करून दुकानात गेलो. धुतलेल्या खोळी, फिरणारा पंखा, येवल्याच्या पैठण्या तशाच कागदात. चाचा घड्या घातलेल्याच साड्या पुन्हा उलगडून घड्या घालत होता. मी म्हणालो, "चाचा, असं कशाला केलं?" तो म्हणाला, "मोहीम तुझ्या एकट्याची हाये का? तुझं तोंड पडलं असतं तर सगळ्या गल्लीचं पडलं असतं." मंग साडीवरून हात फिरवत, "पण एकदा व्याह्यांना घेऊन यायचं होतं रे. नसतं घेतलं तरी चाललं असतं. मी चांगले कप काढले होते." मला तिथं उभं राहवलं न्हाई. मी चहासुद्धा न पिता निघालो.

एवढ्यावर हे थांबलं असतं तरी मी कदाचित लिहिलं नसतं. काल बाजारच्या दिवशी घनसावंगीकडचा एक शेतकरी, बायको आणि पोरगी, माझ्या दुकानात पितळी घागर बघायला आले. बाई मोकळी, बोलकी. म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमच्या गावात भाषण केल्तं, तवाच ठरवलं बस्ता इथंच बांधायचा. पण चाचाकडं म्हणं ह्या साली काहीच माल न्हाई. तुमचं तर जाणं-येणं हाये. खरं हाय का हो?" दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चाचाचं दुकान माझ्या दारातून दिसतं. "अहो, गच्च भरलंय, चला मी येतो," एवढं म्हणायचं होतं. पण मंग तिनं पुढचं विचारलं असतं, की तर तुम्ही का न्हाई घेतलं? पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, अगदी आपल्या पोरीएवढी. मी घागरीवरची धूळ पुसत म्हणालो, "मला काही कल्पना न्हाई बाई. तुम्ही तुमच्या मनानं बघा." ते रस्त्यावर जरा वेळ घुटमळले, चाचाच्या दुकानाकडं बघितलं, आणि स्टँडकडं वळले. चाचा दारात उभा होता. त्यानं त्यांना जाताना पाहिलं, आणि मला हात केला.

मी पण हात केला.

हे त्याला सांगायला मला रस्ता ओलांडायचा होता, तेवढंच. ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसलो. तुमची आठवण आली म्हणून लिहिलं असं म्हणणार होतो, पण ते खरं न्हाई. तुम्हाला लिहिलं ते तुम्ही आता अंबडात येऊन कुणाला सांगू शकत न्हाई म्हणून.