खिंडीचा चढ

रोहा, ता. ४ मे २०२५

ती. हरेशदादास, किमयाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

माझा फोन माझ्या नवऱ्याने, जितेशने भिंतीवर आपटून फोडला, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहितेय. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, हसू नकोस.

परवा कालवणात मीठ कमी पडलं. मिठागरवाल्यांच्या पोरीला मीठ टाकता येत नाही, असं म्हणत त्याने माझं डोकं ओट्यावर आपटलं. एक दात गेला, डावा कान वाजतोय.

मागच्या महिन्यात तू मला न्यायला आलास, तेव्हा आपली पिकअप खिंडीच्या चढावर धापा टाकत राहिली आणि त्याने मागून गाठलं. टायर खोलायच्या लोखंडी टॉमीने तुझी दोन बोटं मोडली, हाडांचा आवाज ऐकून हसला, मला केसांनी ओढत परत आणलं. बोटं वळतात का आता? पुन्हा ये दादा, पण तो चढ एका दमात चढेल अशी गाडी आण. पुढच्या वेळी जिवंत परत आणणार नाय, असं तो बोललाय.

उत्तर शेजारच्या बायजाबाईंच्या नावाने पाठव. लोभ आहेच, धीरही दे.

तुझी किमया


पेण, ता. ९ मे

चि. सौ. किमयास अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि कोयता घेऊन निघालोच होतो. तुझ्या वहिनीने, अनिताने, दाराला बाहेरून कडी घातली.

दुसरी गाडी कुठून आणू? जुनीलाच श्वास दिला. हवेचा फिल्टर काढला तर धुळीने वीट झालेला. नवा घातला. रबरी पाइप चिरला होता, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून क्लिपा आवळल्या. बिचारी इंजिनाचीच गरम हवा ओढत होती, म्हणून प्लंबरकडचा उरलेला पीव्हीसी पाइप पुढच्या जाळीपर्यंत नेला. काल मीठ भरून वडखळचा पूल तिसऱ्या गिअरवर चढली! हवा मिळाली की म्हातारी पळते गो, आणि पाइपात बोळा बसला तर नवी गाडीही चढावर मरते.

सोमवारी १९ तारखेला दुपारी दोनला बायजाबाईंच्या अंगणात थांब. तो आडवा आला तर या वेळी हाडं त्याची मोडतील.

जिवाला जप, माया आहे तशीच आहे.

तुझा हरेशदादा


कोठडीतून, ता. २१ मे

चि. किमयास आशीर्वाद.

अनिताच्या रिकाम्या डब्यातून पाठवतोय. वाचून जाळ.

त्याची गाडी धुता धुता तू तिच्या हवेच्या पाइपात फडकं कोंबलंस, हे मला खिंडीतच कळलं. तुझ्या डोक्याला मानलं. काळा धूर ओकत तो अर्ध्या चढावर अडकला, आपण वर पोचलो. पण आरशात तो दिसला आणि माझी बोटं ठणकायला लागली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, असं हवालदार बोलला. मला वाईट वाटत नाय.

तुझा जबाब घेतील. सांग, गाडी आपोआप मागे घसरली आणि तो टॉमी घेऊन धावत येत होता. दुसरं कोणी बघितलेलं नाय. सगळं तुझ्यासाठी केलं, हे विसरू नको.

हरेशदादा


पेण, ता. २४ मे

ती. दादास शि. सा. नमस्कार.

वहिनी माझ्याशी बोलत नाही, तरी ताटात माशाची मोठी तुकडी मलाच वाढते. तिची काळजी करू नकोस.

फडकं मी कोंबलं ते तो तिथेच राहावा आणि आपण घरी जावं म्हणून. तो राहिला होता, दादा. बॉनेट उघडून वाकला होता, हात रिकामे होते. तू गाडी रिव्हर्समध्ये टाकलीस तेव्हा मी तीनदा थांब म्हटलं, गिअरवरचा तुझा हात धरला. तू कोपराने ढकललंस, माझा ओठ फाटला. मग हाडांचा आवाज आला आणि तू हसलास.

तो आवाज मला ओळखीचा आहे. हसणंही.

काल जबाब दिला. फडक्यापासून तुझ्या हसण्यापर्यंत जसं घडलं तसं सांगितलं आणि सही केली. लग्नानंतर चौदा महिने मी त्याची पावलं ऐकून अंग चोरायचे. तू सुटून आलास की तुझी ऐकूनही चोरेन, म्हणून त्याआधी वेगळी खोली बघतेय.

रागावशील, माहीत आहे. तरी लोभ ठेव.

तुझी किमया