बाबांची साराची वाटी

मंगळवार, संध्याकाळ

आज वर्गात ग्लुटामेट शिकवलं. वाघोलीहून घरी येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात. टोमॅटोला चव देणारं हेच आम्ल, आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेही याच्याच जोरावर. पक्षाघाताच्या झटक्यात मात्र ते बेसुमार सांडतं आणि शेजारच्या पेशी मारून टाकतं. मुलांनी लिहून घेतलं. माझ्या बाबांना झटका येऊन दोन महिने झालेत, हे त्यांना कुठे माहीत?

घरी येऊन टोमॅटोचं सार केलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून थोडं अजिनोमोटो टाकलं, म्हणजे तेच ग्लुटामेट. खरं सांगायचं तर मिठाचं नुसतं निमित्त. ती पुडी बाबांनी कधी घरात येऊ दिली नाही. "चायनीजच्या गाडीवरचं खायचंय ना? मग गाडीवरच जा," म्हणायचे. वाटलं, पहिल्या घोटाला ओळखतील, पूर्वीसारखे चिडतील. आईच्या साराला "टोमॅटो नुसते दाखवून काढलेस वाटतं" म्हणणारा माणूस!

त्यांनी वाटी संपवली. तळाशी थेंब ठेवला नाही.

"बाबा, कसं झालंय?"

बराच वेळ शब्द शोधला त्यांनी. मग म्हणाले, "छान."

मेंदूचं एवढं सगळं कळतं मला. काय उपयोग? वाटी अजून ओट्यावर तशीच आहे, घासायला मन होत नाही.

आईने चाळीस वर्षं त्यांच्यासाठी रांधलं. 'छान' हा शब्द ऐकायला मिळावा म्हणून ती जाईपर्यंत रोज त्यांच्या ताटाशी थांबायची.