दोन मिनिटांची तपासणी

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, तुझी ताई अजून लिहू शकते. कोपर टेबलावर टेकवलं की उजवा हात चालतो. वर उचलायचा म्हटला की लटकतो. पार्लरला कुलूप घातलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत जिचा हात जात नाही, तिच्याकडे केस कापायला कोण येणार?

वर्षापूर्वी केस धुवायच्या बेसिनपाशी घसरले, पडता पडता नळ धरला आणि खांद्यात कट्‌कन वाजलं. लगेच तुला फोन लावला. भाऊ फिजिओथेरपिस्ट असताना बाहेर कशाला दाखवायचं, अशी आमची ऐट! घसरल्याचं तू ऐकूनही घेतलं नाहीस. चाळिशीत बायकांचा खांदा आखडतोच, म्हणालास, आणि भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितलंस. डोळ्यांत पाणी यायचं, तर दुखतंय म्हणजे सुटतंय, हे तुझं शास्त्र. मी रोज पेन्सिलीनं खूण करायचे. खुणा खाली खाली येत होत्या आणि तुला मी वर चढताहेत असं सांगत होते. तुझी विद्या खोटी पडू नये ना! हा गाढवपणा माझा, कबूल.

मधे तू दोन दिवस आलास. माझ्याच खुर्चीत बसून केस कापून घेतलेस. डाव्या हातानं उजवं कोपर उचलून धरत मी कात्री चालवत होते, समोरच्या आरशात तुला दिसत होतं. मागून जरा कमी कर, एवढंच बोललास.

इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी माझा हात धरून वर नेला, सहज गेला. सोडला, तर धपकन खाली पडला. आखडलेला खांदा दुसऱ्यानं उचलूनही वर जात नाही म्हणे. दोन मिनिटांची तपासणी! एमआरआयमध्ये दिसलं, स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा तुटून आत ओढला गेलाय, स्नायूची चरबी झालीय. वेळेत आले असते तर शिवता आला असता, आता नाही. व्यायाम कुणी दिले, असं त्यांनी विचारलं. शेजारी बसलेल्या आईनं माझी मांडी दाबली. मोबाईलवर बघून केले, म्हणाले. बाहेर आल्यावर तिनं वचन घेतलं, की ती आहे तोवर या खांद्यापायी मी कुणापुढे तुझं नाव घ्यायचं नाही.

आई मंगळवारी गेली. सगळं आटोपलं. शेवटचा आठवडाभर अंथरुणातून दाराकडे बघत होती, आणि तू निघालायस, पोचतोच आहेस, असं मी तिला सांगत होते. तुला फोन केलाच नव्हता. वचन मात्र पाळलं. तुझा परवाना काढून घ्यावा, असा अर्ज या पत्रासोबतच टपालात टाकतेय.

कितीही झालं तरी तुझीच,
ताई