पाठमोरं तळं

३ ऑक्टोबर

भाऊजींचा पाय मोडला. होडीतून पडून नाही, चहा आणायला जाताना! धक्क्यावरच्या शेवाळावरून घसरले. गुडघ्याखाली दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही.

आणि लोक तर यायला लागलेत. पाऊस हटला की शहरातले सगळे गळ घेऊन निघतात. भाऊजी पुढं उभे राहून मासा कुठं आहे ते दाखवणार, मी वल्हवणार. आता दाखवणार कोण?

४ ऑक्टोबर

मी दाखवणार. ठरलं.

तळ्याच्या कचेरीत गेले. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, परवाना तुमच्या दिराच्या नावावर आहे. तुम्ही वल्हवणाऱ्या." म्हटलं, एकोणीस वर्षं वल्हवतेय, पाण्यावर काय डोळे मिटून बसत होते? तर म्हणे, "परीक्षा द्या. तोवर दिराच्या परवान्यावर चालवा. पाच नोव्हेंबरला मी स्वतः होडीत बसेन. पास झालात तर परवाना तुमच्या नावावर. नाहीतर धक्क्यावरची तुमची जागा मोटरवाल्याला." तो टपूनच बसलाय मेला. मोटरच्या दोन होड्या आहेत, तिसरी लावायला जागा हवी त्याला.

आणि फेरी झाली की नोंद लिहायची. स्वतःच्या हातानं. हवा, पाणी, मासा. चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. साहेब म्हणाला, "रोज चार ओळी लिहा घरी. हात बसेल." म्हणून ही वही. आमच्या ह्यांनी आणली. पंप दुरुस्त करायला जातात तिथं मिळाली, गेल्या वर्षीची. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. चालतंय.

५ ऑक्टोबर

हात दुखला. आज एवढंच.

७ ऑक्टोबर

नाक कापलं गेलं!

दाताचा डॉक्टर आणि त्याचा मेहुणा आले होते. ह्यांना वल्ह्यावर बसवलं आणि मी भाऊजींसारखी पुढच्या टोकाला उभी राहिले. रुबाबात. सकाळी धुकं होतं, नऊला ऊन पडलं, सगळं लख्ख दिसायला लागलं — आणि मला काही ओळखूच येईना! टेकडी भलतीकडे. पंपघर भलतीकडे. जिथं खोल डोह असायला हवा तिथं काठी टाकली तर चिखल.

डॉक्टर म्हणाला, "ताई, आपण नक्की याच तळ्यावर येतो ना दरवर्षी?"

मेहुणा हसला. हे पण हसले! घरी येऊन त्यांना सांगितलं, उद्यापासून तुमचे पंप बघा.

एक मासा नाही. एक सुद्धा नाही.

८ ऑक्टोबर

भांडी घासताना उलगडा झाला. मी ताट घेऊन तशीच उभी.

वल्हवणारा पाठमोरा बसतो! होडी पुढं जाते, त्याचं तोंड मागं. एकोणीस वर्षं मी हे तळं मागं जाताना बघितलंय. पुढून कधी बघितलंच नाही. टेकडी माझ्यापासून लांब जाते तेव्हा ती माझी टेकडी. समोरून अंगावर आली की परकी बाई.

मग पुढं उभं राहतेच कशाला? माझ्या बाकावर बसीन. वल्हवीन पण मीच, दाखवीन पण मीच.

९ ऑक्टोबर

भाऊजींकडे गेले. पाय उशीवर, तोंड पाडून. म्हटलं, भाऊजी, मला जे येतं ते सगळं तुमचंच, मागं बसून ऐकून ऐकून शिकलेलं. आता नीट सांगा, गार वारा सुटला की मासा कुठं जातो? ढग आले की कुठं?

तर म्हणे, "तुम्हाला माहितीये की, वहिनी."

मला माहीत असतं तर आले असते का?

"जाल तेव्हा कळेल." आणि भिंतीकडे तोंड.

म्हणजे सांगायचं नाही! परवाना माझ्या नावावर होईल याची पोटदुखी. जाऊबाई चहा करत होत्या, तोही न पिता उठले. दार जरा जोरात लागलं. लागू दे.

१२ ऑक्टोबर

आज नवीन लग्न झालेलं जोडपं. नवरा मासे पकडणार, बायको त्याला बघणार, असा बेत. मी वल्हवत होते. ते दोघं मागच्या बाकावर, माझ्यासमोर. पाण्यावर बुडबुडे दिसले. ओरडले, "डावीकडे टाका, डावीकडे!"

त्यानं टाकला. दुसऱ्याच बाजूला. गळ जाऊन बायकोच्या टोपीत अडकला आणि टोपी तळ्यात.

ती म्हणाली, "मावशी, डावीकडे म्हणजे कुणाच्या?"

बरोबर बोलली पोरगी. आम्ही समोरासमोर बसतो, माझं डावं ते त्यांचं उजवं. भाऊजी त्यांच्यासारखेच पुढं तोंड करून असायचे, त्यांना हा घोळ कधी पडला नाही. आजपासून माझ्या होडीत डावं-उजवं बंद! एक 'टेकडी बाजू', एक 'लव्हाळे बाजू'. होडी वळली तर टेकडी काही वळत नाही.

टोपी काढून दिली. मग तिच्याच हातात गळाची काठी दिली, टेकडी बाजूला टाक म्हटलं. मिशीवाला आला! मिशीवाला म्हणजे तळातला मासा, तोंडाला मिशा, अंगानं गुळगुळीत, ओढायला रेड्यासारखा. हातभर होता. ती किंचाळली, मी पण किंचाळले. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

पहिला! माझा पहिला!

१३ ऑक्टोबर

पाऊस. कुणी आलं नाही. वाकडं अक्षर थोडं सरळ होतंय.

१७ ऑक्टोबर

सकाळी थंडी, दुपारी घाम, चारला गारा. एका दिवसात तीन वेळा कपडे बदलले. तरी पाच मासे! धक्क्यावर मोटरवाला उभा होता. म्हणाला, "काय काकू, नशीब आहे तुमचं." म्हटलं, नशीब तुझ्या मोटरीत घाल, धूर कमी होईल.

२१ ऑक्टोबर

मला एक गोष्ट कळलीये. लिहून ठेवते, परीक्षेला उपयोगी पडेल.

माझ्या बाकावरून गिऱ्हाईकाचं तोंड दिसतं. त्याचा हात दिसतो. काठीचं टोक दिसतं. मासा तोंड लावतो तेव्हा त्याला कळायच्या आधी मला कळतं. मी "थांबा… थांबा… आता!" म्हणते आणि तो उचलतो. लोकांना वाटतं जादू आहे. जादू कसली, समोर बसलेय मी!

२४ ऑक्टोबर

दरवर्षीच्या मुख्याध्यापक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यात, नवऱ्याच्या काठ्या घेऊन येतात. चार वर्षांत एकही मासा लागलेला नाही. मला तर त्यांची भीतीच वाटते, बोलण्यात चूक काढतात. आज म्हणाल्या, "अहो, 'मासा लागला' म्हणा, 'मासा घावला' काय?" म्हटलं, बाई, आधी मासा येऊ दे, मग त्याला काय म्हणायचं ते बघू.

नाही आला. पण हसल्या. पाच तारखेला येते म्हणाल्या. त्याच दिवशी परीक्षा! नको म्हणणार होते. तोंडातून हो गेलं.

३० ऑक्टोबर

सोळा दिवस होडी गिऱ्हाईकाशिवाय गेलेली नाही. कालच्या गिऱ्हाईकानं विचारलं, "टेकडी बाजूवाल्या बाई त्या तुम्हीच का?" अशी नावानं ओळख! बाहेर पाणी तापत होतं, हे आतून विचारत होते चहा कोण करणार. तुम्हीच करा म्हटलं.

केला. बरा होता.

४ नोव्हेंबर

झोप येणार नाही, तरी आडवी होते.

५ नोव्हेंबर

सगळं नीट लिहायचं.

सकाळी ऊन, आभाळ निळंभोर. साहेब आला, नवीन रबरी बूट घालून. मुख्याध्यापक बाई मागच्या बाकावर. साहेब म्हणाला, "नियमाप्रमाणे मार्गदर्शकानं पुढच्या टोकाला बसायचं. तुम्ही मध्ये का?"

म्हटलं, ही पुढची जागा तुम्ही घ्या.

"नियम छापलेला आहे, बाई."

"छापणाऱ्यानं कधी वल्हं हातात धरलंय का?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "वेळ जातोय. बसा." मुख्याध्यापक बाई! साहेब मुकाट्यानं पुढं बसला. शाळेत बसतात तसा.

निघालो. वारा होडीच्या मागून. मोटरवाला पण दोन माणसं घेऊन मधल्या पाण्यात गेला, हात हलवत. साहेब समोर बघत होता, त्याच्यासमोर सगळं ऊन. मी मागं बघत होते. टेकडीच्या खांद्यावर एक काळी रेघ उमटली. बोटाएवढी. मग पंज्याएवढी. आणि मग टेकडीच्या अलीकडचं पाणी खरखरीत झालं, कुणी कापड चुरगळावं तसं.

म्हटलं, "बाई, गळ आत घ्या. परत वळतोय. लव्हाळ्यात जायचं."

साहेब म्हणाला, "का? ऊन तर पडलंय."

"तुमच्याकडे पडलंय."

"परीक्षा आहे, बाई. खोल पाणी दाखवा आधी."

वल्ही सोडून त्याच्याकडे मान वळवली. माझं पास-नापास काय व्हायचं ते इथंच होणार असं वाटलं. पण होडीत दोन माणसं आहेत आणि त्यातली एक सत्तरीची. म्हटलं, "नापास करायचं तर काठावर पोचल्यावर करा." आणि वळवली. दंड भरून आले, तरी ओढत राहिले. लव्हाळ्याच्या आत शिरलो आणि मागं धाडकन वारा आला. आडवा पाऊस. टोप्या, पानं, सगळं उडालं. तळ्यावर लाटा. आम्ही आत लव्हाळ्याच्या भिंतीआड, होडी पाळण्यासारखी डुलतेय एवढंच.

साहेबानं चष्मा पुसला. मग म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"मी पाठमोरी बसते."

मग वाटलं, बसलोच आहोत तर गळ टाकू. वारा सुटला की बारीक मासळी लव्हाळ्यात शिरते आणि मिशीवाला तिच्यामागं. बाईंना म्हटलं, टेकडी बाजू. साहेबानं विचारलं, "डावी की उजवी?" बाई म्हणाल्या, "कुणाची?" आणि टाकला.

मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. करंगळी हलली. "थांबा… थांबा… आता!"

काठी वाकली ती पाण्याला टेकली. बाई उभ्या राहिल्या! सत्तर वर्षांच्या! ओरडल्या, "घावला! घावला!"

हातजाळीत मावेना. साहेबानं नव्या बुटांसकट पाण्यात उतरून मागून उचलून धरला. माझ्या अख्ख्या एकोणीस वर्षांत एवढा बघितला नव्हता. बाई रडत होत्या आणि मला रागावत होत्या, मी का रडतेय म्हणून.

पाऊस उघडला तेव्हा मोटरवाला मधल्या पाण्यात. मोटरीत पाणी शिरलेलं, माणसं हिरवीनिळी झालेली. दोरी टाकली, ओढत धक्क्यावर आणला. एकच शब्द बोलले: "नशीब."

मग नोंद. साहेबासमोर टेबलाशी बसून लिहिली:

'हवा — ऊन, मग वारा, मग पाऊस, मग ऊन. पाणी — आधी गुळगुळीत, मग खरखरीत. मासा — आला.'

साहेब म्हणाला, "एवढंच?"

"झालं तेवढंच."

शिक्का मारला! माझं नाव! पूर्ण नाव, ह्यांच्या नाही, माझ्या नावानं सुरू होणारं!

६ नोव्हेंबर

परवाना आरशाला लावलाय. केस विंचरताना दिसतो. साहेबानं नियमाखाली पेनानं लिहून दिलंय — 'मार्गदर्शक वल्हवत असल्यास मध्ये बसण्यास हरकत नाही.' नियमच बदलला माझ्यासाठी!

१६ नोव्हेंबर

भाऊजींचं प्लास्टर निघालं. काठी टेकत धक्क्यावर आले. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. त्यांना मागच्या बाकावर बसवलं, माझ्यासमोर. एकोणीस वर्षांत होडीत त्यांचं तोंड पहिल्यांदा दिसलं.

मधल्या पाण्यात आल्यावर म्हणाले, "वहिनी, रागावू नका. मला हे तळं येत नाही. कधीच येत नव्हतं. तुमचं वल्हं हळू पडलं की मी हात वर करून जागा दाखवायचो."

पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच निघालं तोंडातून, "मग मला कुणी शिकवलं?"

ते म्हणाले, "तेच मी तुम्हाला विचारणार होतो."